वडिलांवरचा अनुस्वार

वाशीमच्या बाजारात भांड्यांच्या एका दुकानात मी सहा वर्षं भांड्यांवर नावं टाकली. मशीनचं पेन असतं. हातात धरलं की कोपरापर्यंत मुंग्या येतात. ते रेघ ओढत नाही, टिंबं टोचत जातं. टिंबाला टिंब लागून अक्षर होतं. माझं अक्षर सुरेख होतं. माझ्याबद्दल एवढी एकच चांगली गोष्ट सगळे कबूल करायचे.

दुसरं काम नवा माल तपासण्याचं. बूड फरशीवर ठेवून हलवायचं, डुगडुगलं की भांडं बाजूला. काठावरून अंगठा फिरवायचा. धार कच्ची राहिली असेल तर रक्तच सांगतं. पाण्याच्या, नळ बसवलेल्या टाक्यांना मात्र जास्त वेळ द्यावा लागायचा. पत्रा गोल वळवून त्याला उभा जोड मारलेला असतो, आणि त्या जोडावर कधी कधी सुईच्या टोकाएवढं भोक राहून जातं. कारखान्यात घासून चकचकीत करताना पॉलिशचा काळा मसाला त्या भोकात जाऊन बसतो. मग दुकानात पाणी भरून दाखवा, थेंब गळणार नाही. घरी गरम पाण्यानं नीट घासली की मसाला सुटतो, पण तोवर टाकी नवरीच्या सासरी पोचलेली असते.

मालकानं पाटी लावली होती, नाव टाकलेला माल परत घेतला जाणार नाही. त्यामुळे खोट असलेल्या भांड्यावर आधी नाव पडायचं. पोचा असेल तिथे ‘सप्रेम’, चरा असेल तिथे ‘भेट’. वर मी गिऱ्हाइकाला सांगायची, इथं नाव कसं उठून दिसतं बघा. लोक मान डोलवायचे. मला त्याचं कधी काही वाटलं नाही, उलट मजाच यायची.

मला चार ठिकाणांहून नकार आला होता. उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा डाग आहे माझ्या, लहानपणीचा. पाहायला येणाऱ्या बायका चहाचा कप घेताना बरोबर तिथेच बघायच्या. एकीनं तर बाही वर करायला लावली होती. धाकट्या भावाचं लग्न माझ्यासाठी थांबवून ठेवलं होतं, पण चौथ्या नकारानंतर आई म्हणाली, ‘आता तुह्यापायी त्याले म्हातारा करू काय?’ आणि शेलूबाजारजवळच्या एका गावातली मुलगी त्यानं पाहिली. पहिल्याच बघण्यात पसंत. कोणी तिची बाही वर केली नाही. मला ती त्याच दिवशी नकोशी झाली.

तिला वडील नव्हते. आई पाऊण एकरात वांगी, मेथी, कोथिंबीर काढून बाजारात बसायची. लग्नाच्या पंधरा दिवस आधी ती एकटीच जीपनं आमच्या दुकानात आली. येताना माझ्यासाठी पिशवीभर वांगी आणली होती, देठाचे काटे काढून.

‘ताई, नळाची टाकी पाह्यजे पोरीच्या आंदणात,’ ती म्हणाली. ‘तुमीच निवडून द्या. तुमी त घरच्याच. तुमच्या हातून गेली म्हंजे इहीनबाईले बोट ठेवाले जागा नाई राहाची.’

माझ्या आईला ती भलतीच भ्यायची. भ्यायलाच हवं होतं. आई बोट ठेवण्यासाठीच जन्माला आलेली बाई आहे.

दुकानात सहा टाक्या होत्या. पाच चांगल्या, आणि एक मी आठवड्यापूर्वी बाजूला काढलेली. तिच्या जोडावर, नळाच्या वीतभर वर, काळं टिंब होतं. सुई घातली तेव्हा आत उजेड दिसला होता. मग मी बोटानं तो मसाला परत भोकात दाबून ठेवला होता. पाच टाक्या समोर असताना मी मागे गेले आणि ती सहावी आणली.

बाईनं पाणी भरून घेतलं, वाकून सगळीकडून पाहिलं, पदरानं पुसलं. ‘काय नाव टाकू?’ मी विचारलं.

‘तिचं नाव टाका. खाली लिवा, आई-वडिलांकडून. तिचे बाबा नाईत, पण लिवा.’

मी मापानं अक्षरं बसवली. वडिलांकडूनमधल्या ‘लां’चा अनुस्वार बरोबर त्या काळ्या टिंबावर यावा म्हणून पहिलं अक्षर दोन बोटं डावीकडे घेतलं. आणि अनुस्वार जरा जाड कोरला. इतकं नेमकं काम मी त्याआधी केलं नव्हतं. बाईनं त्या ओळीवरून हात फिरवला आणि तिचे डोळे भरून आले. मी टाकी पोत्यात बांधून दिली.

लग्न झालं. तिसऱ्या दिवशी आईनं आंदणाची भांडी घासायला काढली, तीही गरम पाण्यानं, राख लावून. गल्लीतल्या बायका बघायला बसल्याच होत्या. टाकी ओट्यावर ठेवली, भरली, आणि थोड्या वेळानं त्या ओळीतून एक थेंब फुगला नि खाली घरंगळला. मग दुसरा.

आईनं चष्मा लावला. ओळ मोठ्यानं वाचली आणि म्हणाली, ‘पाहा वं बायाहो, बाप त गळून राह्यला!’

बायका हसल्या. भाऊ दारात उभा होता, तोही हसला. वहिनी नवी साडी नेसून तिथेच उभी होती. तिनं पुढे होऊन त्या अनुस्वारावर बोट दाबून धरलं. बोट काढलं की थेंब, दाबलं की बंद. तिची ती धांदल बघून बायकांना आणखी हसू फुटलं, आणि मलाही फुटलं. त्या दिवसापासून आमच्या घरात तिचं नाव पडलं गळकी. ‘गळकी, चहा टाक.’ ‘गळकी कुठी गेली वं?’ आठवड्याभरात गल्ली तेच म्हणायला लागली.

महिन्याभरानं तिची आई आली, नवी टाकी घेऊन. माझ्या आईनं ती दारातूनच परत केली. म्हणाली, ‘राहू द्या. आमाले हेच पाह्यजे. नाव हाये नं तिच्यावर.’ ती गळकी टाकी आईनं मुद्दाम पुढच्या खोलीत मांडली, आल्यागेल्याला दिसेल अशी, खाली वाटी ठेवून.

बाई माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, ‘ताई, तुमी त पाह्यली होती नं?’

त्या क्षणी बोलले असते तर सगळं मिटलं असतं. आई मला दोन शिव्या घालून गप्प बसली असती आणि वहिनीला तिचं नाव परत मिळालं असतं. मी म्हणाले, ‘दुकानातून निघाली तेव्हा ठणठणीत होती. जीपमध्ये कुठं आपटली असेल.’

बाईचं तोंड उतरलं. ‘हो नं,’ ती म्हणाली, ‘जीपवाल्यानं टपावर बांधली होती. मी म्हटलं बी नाई त्याले, का खाली घे म्हणून. माह्याच हातानं झालं.’ पोरीसमोर तिनं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. वहिनी माझ्याकडे पाहत होती. मला वाटलं, आईच्या दुःखानं पाहते आहे.

वहिनी रोज सकाळी साबणाचा तुकडा मळून आतून भोकावर लावायची. संध्याकाळपर्यंत टिकायचा. मग वाटी. कधी कधी ती टाकी पुसता पुसता अक्षरांवरून बोट फिरवत बसायची. एकदा दात कोरायची काडी भोकात घालून टोकाला आलेला काळा मसाला बोटावर चोळून पाहत होती. मी मनात म्हटलं, बसू दे रिकामटेकडी.

दोन वर्षांनी मेडशीच्या एका बिजवरानं डागासकट मला पसंत केलं. माझ्याही आंदणाला टाकी हवी होती, म्हणून आई, वहिनी आणि मी त्याच दुकानात गेलो. मी काम सोडलं होतं. मशीनवर आता मालक स्वतः बसायचा. आईनं स्टूल अडवलं. मालकानं टाकी पुढे केली आणि पेन उचललं.

‘थांबा,’ वहिनी म्हणाली. शेजारच्या हॉटेलातून तिनं किटलीभर कढत पाणी आणलं, टाकीत ओतलं आणि ओल्या फडक्यानं आतून जोड घासायला लागली. तिचे हात लाल झाले.

‘तुले काय समजते वं त्यातलं?’ आई म्हणाली. ‘नवी टाकी घासून राह्यली येडी.’

‘थंड्या पाण्यात दिसत नाई, आई. भोकात मसाला भरेल असते.’

मालक माझ्याकडे बघायला लागला. मी फरशीकडे. वहिनीनं टाकी उजेडात धरली, जोडावर एके ठिकाणी नख टेकवलं आणि मला जवळ बोलावलं. तिच्या नखाखाली थेंब फुगत होता. आवाज इतका खाली, की फक्त मला ऐकू यावा.

‘ही नोका घेऊ, ताई. इथं अनुस्वार द्या लागन.’

मग तिनं दुसरी टाकी ओढली आणि उरलेलं कढत पाणी तिच्यात ओतलं.

‘काय म्हणते गळकी?’ आईनं स्टुलावरून विचारलं.

‘काही नाही,’ मी म्हणाले.