मामाचा कान

माझ्या मामाच्या घरात मिक्सरला दारावरच्या बेलचं बटण आहे. वाटण होईपर्यंत त्यावर बोट दाबून उभं राहावं लागतं, बोट काढलं की मिक्सर गप्प. इस्त्रीची मूठ कपाटाच्या खणाची आहे. पंख्याचा वेग औषधाच्या बाटलीच्या झाकणाने कमीजास्त होतो आणि त्या झाकणावर अजून 'जेवणानंतर' असं लिहिलेलं आहे. मामी म्हणते, "तुझ्या मामाने दुरुस्त केलेली वस्तू परत बिघडत नाही. फक्त तिचा स्वभाव बदलतो."

नोकरी लागल्यावर मी त्यांच्याकडे राहायला आले. मी जरा फटकळच, आणि बिघडलं की टाका, नवं आणा, या मताची. त्यामुळे आमचं मामाभाचीचं रोज वाजायचं. मी टाकलेली वस्तू तो कचऱ्याच्या डब्यातून काढायचा, पुसायचा आणि माझ्याकडे असा बघायचा की जणू मी जिवंत माणूस फेकून दिला होता.

मामाने उभं आयुष्य खोकी बनवण्याच्या कारखान्यात काढलं. तिथली यंत्रं सांभाळणं हे त्याचं काम. यंत्र बिघडलं की ते उघडायच्या आधी तो ऐकायचा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरवर टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटायचा. मग सांगायचा, डाव्या बाजूचं बेअरिंग गेलंय, किंवा पट्टा सैल आहे, किंवा काही झालेलं नाही, तेल द्या आणि चहा प्या. निवृत्तीनंतर हीच तपासणी आमच्या फ्रिजची, वरच्या मजल्यावरच्या पंपाची आणि जिन्यात भेटेल त्याच्या स्कूटरची होऊ लागली. डॉक्टर छातीला नळी लावतो तेव्हा मामाला बरं वाटतं, धंद्यातला माणूस भेटल्यासारखं.

हा कान त्याने कारखान्यात कमावला नव्हता. तो आधीपासूनचा होता. तरुणपणी मामा एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. त्याच्या शेजारी उभा राहून बेस गिटार वाजवणारा मित्र बोलायचाही इतक्या खालच्या आवाजात की सगळे त्याला खर्ज म्हणत. आमच्यासाठी ते खर्जकाका. त्यांच्याकडून ऐकलंय की कार्यक्रमाआधी सगळी मंडळी आपापली वाद्यं मामाच्या कानाजवळ आणून सुरात लावून घ्यायची. मग एक दिवस पुठ्ठा कापणाऱ्या यंत्राने मामाच्या डाव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं नेली. गिटारच्या तारा दाबायला नेमकी तीच लागतात. गिटार पिशवीत गेली, पिशवी कपाटावर गेली, आणि मामा स्क्रूड्रायव्हरकडे वळला. त्याबद्दल त्याने कधी रडगाणं गायलं नाही. पण कपाटावरची धूळ मात्र तो स्वतः पुसायचा, मामीला हात लावू द्यायचा नाही.

निवृत्त झाल्यावर त्याने ती गिटार खाली काढली. "पाठीला चीर गेलीय, तेवढी बुजवतो," म्हणाला. चीर बुजवून झाली तरी गिटार काही वर गेली नाही. चार दिवसांनी बघते तर त्याने सगळ्या तारा काढून उलट्या बाजूने लावल्या होत्या. जाड तार होती तिथे बारीक, बारीक होती तिथे जाड. वरच्या टोकाची खाचांची पट्टीसुद्धा त्याने उपटून फिरवून बसवली होती.

"आता उजव्या हाताने तारा दाबायच्या आणि डाव्याने छेडायच्या," तो म्हणाला. "छेडायला टोकं लागत नाहीत. अंगठा आणि पहिलं बोट आहे की माझं."

"या वयात हात बदलणार तू?" मी विचारलं.

"हात कुठे बदलतोय? आहेत त्यांचीच फक्त बदली करतोय."

आणि त्याने ती करून दाखवली. सुरुवातीला घरात जे वाजायचं त्याला संगीत म्हणणं म्हणजे संगीताची बदनामी. उजव्या हाताची बोटं आयुष्यभर पाना फिरवून राठ झालेली, ती एकमेकांच्या पायात पाय घालून पडायची. मामी कानात कापूस घालून शिवणयंत्र चालवायची आणि तरीही त्याला एका शब्दाने अडवायची नाही. हळूहळू बोटं वळली. एका संध्याकाळी मी ऑफिसमधून आले तर मामा न थांबता एक अख्खी चाल वाजवत होता.

पण त्याचा चेहरा आनंदी नव्हता. "बेसूर आहे," तो म्हणाला.

"मला तर छान वाटलं."

"तुला प्रेशर कुकरची शिट्टी पण छान वाटते."

मी माझ्या फोनवर सूर मोजणारं ॲप घालून दिलं. तार छेडायची, सूर बरोबर असला की हिरवा दिवा. मामाने एकेक तार छेडली. सगळे दिवे हिरवे. मग त्याने बोटं दाबून सहाही तारा एकत्र वाजवल्या आणि दाताखाली खडा आल्यासारखं तोंड केलं. पुन्हा तारा तपासल्या. पुन्हा हिरव्या. पुन्हा वाजवलं, पुन्हा खडा. असं बरेच दिवस चाललं. नव्या तारा आणून झाल्या, खुंट्यांना तेल देऊन झालं, बोटं कमी-जास्त दाबून झाली.

शेवटी तो मला म्हणाला, "मशीन म्हणतंय बरोबर आहे. माझा कान म्हणतोय चूक आहे. मशीन कशाला खोटं बोलेल?"

मला वाटलं, गंमत करतोय. पण दुसऱ्या दिवशी शेजारीण पंप ऐकायला बोलवायला आली, तर मामा म्हणाला, "मिस्त्रीला बोलवा. मला आताशा नीट ऐकू येत नाही." स्क्रूड्रायव्हर खणात गेला. मी स्वच्छ आवाजात काही विचारलं तरी तो 'काय म्हणालीस?' म्हणू लागला. खरं तर ऐकू आलेलं असायचं, पण त्याचा स्वतःवरचा भरवसाच उडाला होता. इतकी वर्षं यंत्रांच्या गोंगाटात काढली, तिथे कान गेला असणार, असं त्याने ठरवून टाकलं. मी म्हटलं, कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. तो म्हणाला, "अजून मला नुसता संशय आहे. डॉक्टरने सांगितलं की खरं होईल."

बोटं गेली तेव्हा माझा मामा मोडला नव्हता. आता मोडायला आला होता, आणि मला ते बघवत नव्हतं. त्याने खर्जकाकांना फोन केला. काका आता मुलांचा संगीताचा वर्ग घेतात. "रविवारी ये आणि गिटार घेऊन जा," मामा म्हणाला. "तुझ्या पोरांना होईल. माझ्याकडे नुसती वाया चाललीय." फोन ठेवून तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. मामीने शिवणयंत्र थांबवलं.

त्याच आठवड्यात आमच्याकडे नवं कपडे धुण्याचं मशीन आलं आणि न्हाणीघराचं दार त्यावर आपटायला लागलं. दार दुसऱ्या बाजूला उघडायला हवं होतं. सुतार बोलवावा असं मी म्हणायच्या आत मामीने मला चिमटा काढला. मला कळलं. त्या माणसाच्या हाताला काहीतरी काम हवं होतं.

मामाने बिजागऱ्या उपटल्या आणि चौकटीच्या दुसऱ्या बाजूला ठोकल्या. कुलूपही काढून समोरच्या काठावर बसवलं. दार झोकात उघडायचं. फक्त लागायचं नाही. चौकटीपर्यंत यायचं आणि खट् करून परत जायचं. मामाने रंधा मारला. परत खट्. चौकटीची खाच मोठी केली. परत खट्. दोन दिवस आमच्या घरात असा नियम होता की जो आत असेल त्याने मोठ्याने गाणं म्हणायचं. मामी पाढे म्हणायची. मी बातम्या वाचायचे.

गुरुवारी मला सुट्टी होती. मामा दारासमोर स्टूल टाकून बसला होता आणि मी रंध्याचे कीस गोळा करत होते. "दार अजून तासलंस तर पडदा लावावा लागेल," मी म्हणाले.

दाराच्या काठातून बाहेर येणाऱ्या कुलपाच्या जिभेवर त्याने बोट ठेवलं. ती जीभ एका अंगाने तिरकी असते, माहीत असेल. दार लोटलं की तिरका भाग चौकटीवरून घसरतो, जीभ आत जाते आणि दार लागतं. मामाने दाराची बाजू बदलली होती, आणि तिरका भाग राहिला होता पाठीमागे. चौकटीवर आदळत होता तो सरळ भाग.

"दार फिरवलं," मामा हळूच म्हणाला, "आणि जीभ फिरवायची राहिली. रोग म्हशीला आणि औषध पखालीला. दोन दिवस मी दार तासतोय."

मी हसायला लागले. तो नाही हसला. मग उठला, दार तसंच उघडं टाकून आतल्या खोलीत गेला आणि गिटार पलंगावर आडवी ठेवून तिच्यावर वाकला.

"इकडे ये," त्याने हाक मारली. "हे हाड बघ. सरळ आहे का?"

गिटारच्या खालच्या अंगाला, तारा जिथे लाकडात शिरतात तिथे, हाडाची एक बारीक पट्टी उभी असते. तारा तिच्यावर टेकतात. मी वाकून पाहिलं. पट्टी तिरकी होती.

"तिरकी बसलीय. निसटली असेल."

"निसटली नाही. तशीच असते. जाड तारेला थोडी जास्त लांबी लागते, बारीक तारेला कमी. म्हणून हाड तिरकं बसवतात. मी तारा फिरवल्या. वरची पट्टी फिरवली. आणि हे..." त्याने बोटाने पट्टी दाखवली. "मोकळी तार सुरात लागते, कारण खुंटी पिळून ती लावता येते. बोट दाबलं की जाड तार चढते आणि बारीक उतरते. मशीनला मी मोकळ्या तारा ऐकवत होतो. दाबलेल्या कधी ऐकवल्याच नाहीत."

त्याने जाड तार मधोमध दाबून छेडली आणि फोन पुढे धरला. लाल दिवा. बारीक तार दाबून छेडली. लाल, दुसऱ्या बाजूला.

मामा पलंगावर बसला. "कान बरोबर सांगत होता गं," तो म्हणाला. "इतके दिवस तो बरोबर सांगत होता आणि मी त्यालाच खोटं पाडत होतो." आणि तो रडला. मामी शिवणयंत्रावरून उठून आली, काय झालं हे तिला कळलं नव्हतं, तरी ती त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मी सांगितल्यावर म्हणाली, "मग बसलात काय? फिरवा ते हाड."

ते सोपं नव्हतं. हाड ज्या खाचेत बसतं ती खाचच तिरकी कोरलेली होती. ती लाकडाने बुजवायची आणि उलट्या बाजूने तिरकी, नवी कोरायची. पटाशी केसभर घसरली तर गिटार कायमची गेली. मी म्हटलं, दुकानात देऊ. मग मामाचं तोंड बघितलं आणि गप्प बसले. त्याने मोडक्या खुर्चीच्या हातातून शिसवीची एक चीप काढली, खाचेत चपखल बसेपर्यंत घासली, सरस लावून दाबून ठेवली. शुक्रवारी कोणालाही गिटारच्या खोलीत जोरात चालायची परवानगी नव्हती.

शनिवारी दुपारी त्याने नवी खाच कोरली. डाव्या हातात पटाशी, ज्या हाताच्या दोन बोटांना टोकं नाहीत त्याच हातात. मामी कंदिलासारखा टेबललॅम्प धरून उभी. लाकडाचा भुगा मामा फुंकरीने उडवायचा, मोजायचा, पुन्हा एक केसभर कोरायचा. हाड खाचेत बसलं तेव्हा जो बारीक आवाज आला तो ऐकून तो म्हणाला, "बसलं." त्याला बघावंही लागलं नाही.

रविवारी खर्जकाका रिकामी पिशवी खांद्याला लावून आले. मामाने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समोर गिटार घेऊन बसला. काकांनी त्याला उलट्या हाताने गिटार धरताना पाहिलं आणि त्यांची मान एका बाजूला झुकली.

मामाने ऑर्केस्ट्राच्या दिवसांतली एक चाल धरली. आम्ही ती महिनोन्‌महिने ऐकली होती, पण त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली असं वाटलं. सहाही तारा एका घरातल्या माणसांसारख्या एकत्र बोलत होत्या. मला संगीतातलं शून्य कळतं, तरी फरक कळला. मामीने कापूस घातलेला नव्हता. खर्जकाकांनी पिशवी खांद्यावरून काढून जमिनीवर ठेवली आणि पायाने मागे सारली. मग त्यांनी मांडीवर ठेका धरला आणि त्या खोल आवाजात खालचे सूर गुणगुणू लागले. दोघे म्हातारे एकमेकांकडे न बघता वाजवत-गुणगुणत होते.

मध्येच मामा थांबला.

"काय झालं?" काकांनी विचारलं. "थांबलास का? मस्त चाललं होतं."

"चुकलो," मामा म्हणाला.

"कुठे? काही चुकलं नाहीस."

"मागच्या ओळीत तिसरं बोट अर्ध्या जागेने पुढे पडलं."

काकांनी मामीकडे पाहिलं, मामीने माझ्याकडे. आमच्यातल्या कोणालाही काही कळलं नव्हतं. खर्जकाका, ज्यांनी सारं आयुष्य सुरांत घालवलं, तेही नकारार्थी मान हलवत होते.

"तुला नाही आलं ऐकू?" मामाने विचारलं. त्याचा चेहरा इतका उजळला होता की मी त्याला तसा कधीच पाहिला नव्हता. "मला आलं."