खणीतलं शेवाळ

शुद्धलेखन माझं कच्चं आहे, आणि अक्षर म्हणजे ओल्या भिंतीवरून गोगलगाय गेल्यासारखं. चौथीनंतर पेन हातात आलं ते सहीपुरतंच. ही वही कुणी वाचलीच तर रागावू नये.

घरात मी एकटी असते. मधल्या भिंतीपलीकडे दिराचं बिऱ्हाड आहे. त्यांचा टीव्ही मला ऐकू येतो, पण बोलणं सणावारापुरतं. सकाळी पदेर सायकलवरून पाव घेऊन येतो. मी दोन बोटं दाखवते, तो दोन पाव देतो. कधी कधी दोन-तीन दिवस तोंडातून शब्द निघत नाही. मग बोलायची वेळ आली की आवाज उशिरा येतो.

परसामागे चिऱ्यांची जुनी खण आहे. पूर्वी तिथून घरांसाठी चिरे कापून नेत. आता तिकडे कुणी फिरकत नाही, मी मात्र जाते. मला दुसरं फारसं काही कळत नाही, पण त्या खणीतलं शेवाळ कळतं. दिवसभर सावलीत राहणाऱ्या भिंतीवर ते गोधडीसारखं जाड असतं. समोरच्या भिंतीवर ऊन येतं, तिथं नुसती काळी साल. जिथं पाणी दिवाळीनंतरही झिरपत राहतं तिथं वेगळी जात, चांदण्यांसारखी बारीक पानं असलेली. रस्त्याकडच्या भिंतीवर पूर्वी पुष्कळ होतं. डंपर धावू लागले, लाल धूळ बसली आणि दोन पावसाळ्यांत ते गेलं. शेवाळाला खोल मुळं नसतात, ते अंगानेच पाणी पितं. मग धूळही त्याच्या अंगातच जाणार.

आणि एक गोष्ट मला लहानपणापासून ठाऊक होती. उन्हाळ्यात विहिरीच्या कठड्यावरचं शेवाळ वाळून काळं पडतं. मेलंच वाटतं. पण कळशी हिंदकळून पाणी सांडलं की सांडलं तेवढंच हिरवं होतं, बघता बघता.

एकदा चवथीच्या आधी डिचोलीचा एक सजावटवाला आमच्या वाड्यावर आला. गणपतीमागे डोंगर करायला त्याला खरं शेवाळ हवं होतं. दिराने माझ्याकडे बोट दाखवलं. सजावटवाल्याने तीन हजार आगाऊ दिले. पावसात माझ्या जनेलाची, खिडकीची झडप मोडली होती. ते पैसे दुसऱ्याच दिवशी सुताराला गेले.

मी उलथण्याने अलगद सोडवत शेवाळाच्या चकत्या काढल्या, मध्ये मध्ये पट्ट्या तशाच ठेवून. आधी थोड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून बघितल्या, तर चार दिवसांत पिवळ्या पडून वास मारू लागल्या. म्हणून बाकीच्या चुलीवरच्या फळीवर वाळवल्या, आपण सुकी मासळी ठेवतो तशा. कडा वळल्या, रंग तपकिरी झाला. मला चिंता नव्हती. पाणी मारलं की झालं.

सजावटवाला टेंपो घेऊन आला, बरोबर दोन गडी. मी चकत्या सोप्यावर मांडल्या होत्या. त्याने एक उचलली.

"हें काय गो वयनी? मी हिरवं मागितलं, आणि तू चहाचा चोथा वाळत घातलास?"

एक गडी हसला. "दादा, ह्याच्यावर देवाचा उंदीर तेवढा बसवा. रंगाला रंग जुळतो!"

पाण्याची बालदी दोन पावलांवर होती. नुसतं सांगायचं होतं की तांब्याभर पाणी ओतून बघा. मी जमिनीकडे बघत राहिले.

"बोल तरी काय तें!" तो म्हणाला. मग चकती खाली टाकून, "बरं, प्लॅस्टिकचं गवत आणतो म्हापशाहून. माझे तीन हजार तेवढे परत दे."

"देते," मी म्हटलं. हा शब्द मात्र लगेच आला.

ते गेल्यावर मी बालदीतलं पाणी चकत्यांवर ओतलं. टेंपो अजून घाटीच्या वळणावर मागेपुढे करत होता, त्याचा आवाज येत होता. वळलेल्या कडा उलगडल्या. सोपाभर हिरवं झालं. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

त्या चकत्या मी परत खणीत नेऊन दगडांवर दाबल्या. पुढच्या सरीला निम्म्याहून जास्त वाहून गेल्या.

मग मी अबोलीचे वळेसर, गजरे ओवून पेडण्याच्या बाजारात एका फुलवालीला देऊ लागले. मे महिन्यात भिरंडांची सोलं, म्हणजे आमसुलं, वाळवून विकली. पाचशे जमले की बस धरून डिचोलीला जायचं, त्याच्या दुकानात ठेवायचे, परत यायचं. असं पाच वेळा झालं. कधी तो असायचा, कधी त्याची बायको. ती चहा विचारायची, मी मानेनेच नको म्हणायचे.

सहाव्या खेपेला तोच होता.

"वयनी, वाळपईच्या पोरांनी सुकं शेवाळ आणून पाण्याने हिरवं केलं म्हणे. तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"देवा रे! मग बोलली का नाहीस?"

मी पदराची गाठ चाचपली.

"बरं, यंदा देशील? तिप्पट दर देतो. आगाऊसुद्धा."

आदल्या दिवशीच मी खणीत जाऊन आले होते. दोन पावसाळे झाले, तरी सोडवलेल्या जागा तशाच लाल उघड्या होत्या. मध्ये ठेवलेल्या पट्ट्यांची कड तेवढी सरकली होती, एका बोटाएवढी.

"नाही," मी म्हटलं. "काढलं तिथं अजून नुसता दगड आहे. भरायला किती वर्षं लागतील, मला सांगता येत नाही. आणि उरलेलं काढलं तर भरणार कुठून?"

त्याच्या दुकानात मी एवढं कधीच बोलले नव्हते. मी पदराची गाठ सोडून नोटा पुढे केल्या. त्याने मोजल्या. एक फाटकी होती, तिला चिकटपट्टी लावलेली. ती उजेडाकडे धरून बघितली आणि इतरांबरोबर गल्ल्यात टाकली.

"पुरे झाले गो," तो म्हणाला. "तीन हजार."