गोठ्यात मशीन येणार होतं

मी आणि बायकोनं मिळून केलेलं घरचं शेवटचं काम म्हणजे गोठ्याचं सारवण. त्यानंतर सगळं दवाखान्याचंच झालं, आणि मग ती गेली. मी शेण कालवून देत होतो, ती बसल्या बसल्या हात फिरवत होती. भिंतींना चुना आधीच मारला होता. म्हैस मेहुण्याच्या दावणीला नेऊन बांधली होती. गोठा मशीनसाठी रिकामा केला होता. हे सांगताना आजही मान वर होत नाही.

बायकोच्या डोळ्यामागं गाठ होती. पुण्याचा डॉक्टर म्हणाला, किरणांचा शेक लगेच सुरू करा, डोळा अधू होईल कदाचित, पण गाठ आटोक्यात येईल. त्याच सुमारास तिच्या बहिणीची मुलगी आली. ती मोठ्या प्रयोगशाळेत लेझरवर शिकते. चुलीपुढं बसून तिनं सांगितलं, प्रोटॉन म्हणून एक कण असतो, तो अंगात जिथं थांबवावा तिथंच थांबतो, गाठीला मारतो, पुढं जात नाही. तो पळवायची आताची मशीनं इमारतीएवढी, आणि तीही मोजक्याच जागी. हिच्या प्रयोगशाळेत केसाहून पातळ पत्र्यावर लेझरचा झटका मारतात, की पत्र्यातून प्रोटॉन सुटतात, गोफणीतल्या दगडासारखे.

"हे जमलं ना काका, तर मशीन एका खोलीत मावेल."

मी तेवढंच धरलं. खोली. पुढं ती काय बोलली ते कानात शिरलंच नाही. डॉक्टरला म्हणालो, बघतो. आणि वडगावला वीज ऑफिसात थ्री फेजची लाईन मागायला गेलो.

तिथला माणूस म्हणाला, "आबा, गिरण टाकताय व्हय?"

"प्रोटॉन," मी म्हणालो. चारचौघांत, ऐटीत.

बायकोनं शेकाचा विषय काढला की मी खेकसायचो, "आंधळं व्हायचंय का तुला?" दिवाळी गेली, भात कापून झालं. मी चुना मारत होतो.

तर त्या दिवशी गोठा सारवून होतोय तोच ती भाची अंगणात उभी.

"काका, म्हैस कुठंय?"

"तुझं मशीन यायचंय न्हवं," बायको म्हणाली. "त्याला पेंड घालायची तेवढी राहिलीय."

पोरगी हसली आणि मधेच थांबली. "मावशी, तुझा शेक सुरू नाही झाला?"

मी शेणाची पाटी उचलायला वाकलो.

"काका, मी सांगितलं होतं की अजून खूप वर्षं लागतील. आमचे प्रोटॉन सगळे एका जोराचे निघत नाहीत. हवा तेवढा जोर दर वेळी मिळत नाही. माणसावर वापरायचं अजून लांब आहे."

"मग तवाच नीट सांगायचं!" मी तिच्यावरच ओरडलो.

"सांगितलं हुतं तिनं," बायको म्हणाली. "मी हितंच बसले हुते."

"आन तू गप बसलीस?"

"तुमच्यापुढं कोण बोलतंय? म्हशीनं निदान शिंग तरी उगारलं." तिनं हात धुतले. "उद्या पुण्याला जायचं. डोळा गेला तर जाऊ द्या. तुमाला लय बघून झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरनं नवे फोटो जुन्या फोटोंशेजारी लावले. गाठ लय वाढली होती.

"इतके दिवस कुठं होता?"

मी बायकोकडं बघितलं. तीच बोलली. "भाताची काढणी हुती, डॉक्टर. मीच म्हणलं, सुगी उरकू द्या."

"मावशी, जिवापेक्षा भात मोठं का?" तो तिला बोलत राहिला. ती खाली मान घालून पदराचं टोक पिळत ऐकत राहिली. मग तो माझ्याकडं वळला.

"आबा, तुम्ही तरी हिला समजवायचं होतं."

मी म्हणालो, "ऐकत न्हाई हो ती."