नकार पाहिजेत, नकार!

चहाचा कप आधी खाली ठेवा, मग सांगतो. माझ्यासारखा गाढव अख्ख्या सोलापुरात दुसरा सापडायचा नाही!

मी मेडिकल कॉलेजात शिकवतो. बढती अडली होती एका शोधनिबंधावर. तो छापून आला तर ठीक, नाहीतर निवृत्तीपर्यंत आहे त्याच खुर्चीत! म्हणून विषय घेतला : विद्यार्थी शिक्षकांशी मोकळेपणानं का बोलत नाहीत? आता माणसांवर संशोधन म्हटलं की नैतिकता समितीची परवानगी लागते, मग ती माणसं आपलीच पोरं का असेनात. तीही मिळाली. अट एवढीच की सहभाग ज्याच्या त्याच्या मर्जीचा.

मर्जीच तर! वर्गात जाऊन मी गरजलो, "कुणावर जबरदस्ती नाही! ज्याला नको असेल त्यानं आत्ता उभं राहा!"

कोण उभं राहतंय? तोंडी परीक्षा मीच घेतो ना!

संमतीपत्रं गोळा करायला लावली वर्गप्रतिनिधी सिद्धारामला. अक्कलकोटकडचा, लई गुणी पोरगा. संध्याकाळच्या आत सगळ्या सह्या हजर. मी खूश!

मग समितीनं पाहणीसाठी कागद मागवले, दोनचार मुलांना फोनही केले. अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "डॉक्टर, एवढ्या मोठ्या वर्गात एकही नकार नाही? आणि हा मुलगा तर म्हणतो, मी तेव्हा कावीळ होऊन माळशिरसला घरी होतो!"

मी तसाच उठलो. सिद्धारामला गाठलं. "अरे, ही सही कुणाची?"

"माजीच की सर. हजेरीला मारतो, तशीच मारली. तुमी सांगितल्यावर त्यो न्हाय म्हणणार हाय व्हय?"

समितीनं माझं काम थांबवलं. संमती नव्यानं घ्या, अध्यक्षबाई म्हणाल्या, पण तुम्ही वर्गाकडे फिरकू नका, दुसऱ्या कुणाला पाठवा. एवढं सरळ सांगितल्यावर माणूस गप्प बसेल की नाही? पण नाही! मी तडक वर्गात शिरलो.

"अरे, तोंडात मूग धरून काय बसता? नाही म्हणायला शिका! मला नकार पाहिजेत, नकार!"

दुसऱ्या दिवशी सिद्धारामनं टेबलावर गठ्ठा ठेवला. चेहऱ्यावर केवढं समाधान! "घ्या सर, समद्यांचे नकार. एक बी सुटला न्हाय."

"माळशिरसवाल्याचा?"

"व्हय की! त्याचा तर पयला!"

संपलं. घरी जाताना सात रस्ता चौकात ऐन गर्दीत स्कूटर बंद पडली, मागचे शिव्या घालत होते, मला काही वाटेना. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. निबंध बुडाला म्हणून नाही हो. पोरं मला इतकी भितात, आणि ते शोधायला मी संशोधन काढलं होतं!

आठवड्याभरात डीनसाहेबांनी बोलावलं. टेबलावर माझीच बढतीची फाईल. "शिक्षकांवरच्या ताणाचा अभ्यास करतोय मी," साहेब म्हणाले. "सहभाग ऐच्छिक हं. नको असेल तर खुशाल नाही म्हणा."

मी कागद वाचलासुद्धा नाही, सही ठोकली. दारापर्यंत गेलो आणि परत वळलो.

"सर, आमचे कुलकर्णी सर रजेवर आहेत. त्यांची पण मारू का?"