अनुपमाताईंचं 'बंद' लेबल

अनुपमाताईंच्या घरी पहिल्यांदा चहाला गेले, तेव्हा स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी दिसली. मीठ. साखर. पिठीसाखर, आणि तिच्याखाली लाल अक्षरात 'मीठ नव्हे'. मी म्हटलं, "ताई, भाऊजींवर तेवढी चिठ्ठी लावायची राहिली बघा." त्या म्हणाल्या, "हस तू प्राची. पाहुण्याच्या चहात मीठ पडलं की कळेल." चिठ्ठी लावली की वस्तू हरवत नाही आणि चूक होत नाही, यावर त्या बाईचा देवापेक्षा जास्त विश्वास होता.

अशी बाई आमच्या ऑफिसला मिळाली हे नशीबच. शिरूरच्या बाजारपेठेत एका भांड्यांच्या दुकानावर आम्ही पाचसहा जण बसतो आणि कुरकुंभच्या एका रसायनांच्या कारखान्याचं सॉफ्टवेअर सांभाळतो. शेडमध्ये वायू गळला की सेन्सरला कळतं, सेन्सर सॉफ्टवेअरला कळवतो आणि सॉफ्टवेअर भोंगा वाजवतं. भोंगा वाजला की माणसांनी हातातलं टाकून बाहेर पळायचं. कारखान्यातल्या तीन नंबरच्या शेडमध्ये अनुपमाताईंचा धाकटा भाऊ सत्यजीत कामाला आहे. आई गेली तेव्हा तो लहान होता. ताईंनीच त्याला वाढवला, आयटीआयला घातला, आणि नोकरी लागली तेव्हा सगळ्यात जास्त त्याच रडल्या. सॉफ्टवेअरची एखादी तक्रार मागे राहिली की त्या माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहायच्या. "बघ बाई लवकर. माझा सत्या आत असतो."

तक्रारी ट्रॅकरवर, म्हणजे आमच्या ऑनलाइन तक्रारवहीत यायच्या. कामगारांनी मोबाइलवरून लिहायचं, आम्ही शिरूरला बसून वाचायचं, आणि कुठली तक्रार कुठवर आली ते कळावं म्हणून तिला लेबल लावायचं. ताई यायच्या आधी या लेबलांचा नुसता शिमगा होता. कुणी 'अर्जंट', कुणी 'लय अर्जंट', कुणी 'साहेब बघा'. एकानं तर 'जय मल्हार' असं लेबल काढलं होतं आणि ते चारपाच जणांनी मनोभावे लावलंही होतं. आमचे मालक इंद्रजीतसर पुण्यात शिकलेले. त्यांनी सगळं पुसून इंग्रजीत झकास लेबलं केली. ती एकानंही लावली नाहीत, आणि मला मनातून बरं वाटलं.

मग ताईंनी पदर खोचला. लेबलं मराठीत, चारच, आणि कामगारांनाही लावता येतील अशी. नवीन, चालू, तपासा, बंद. 'नवीन' म्हणजे तक्रार आत्ता आली. 'चालू' म्हणजे तिच्यावर काम चालू आहे. 'तपासा' म्हणजे आम्ही दुरुस्त केलंय, तुम्ही एकदा बघा. 'बंद' म्हणजे मिटली. 'बंद' लागलं की तक्रार आमच्या समोरच्या यादीतून निघून जायची आणि लिहिणाऱ्याला आपोआप मेसेज जायचा. तो मेसेजही ताईंनीच लिहिला होता : 'आपली नोंद मिळाली. स्थिती : बंद. धन्यवाद. – अनुपमा, शिरूर ऑफिस.' खाली आपलं नाव घालायचा आग्रह त्यांचाच. माणसाला माणसाचं नाव दिसावं म्हणाल्या.

आणि काय सांगू, चमत्कार झाला! तक्रारी भराभर बंद व्हायला लागल्या. सकाळी ट्रॅकर उघडावा तर यादी लख्ख. सर म्हणाले, "कामगार स्वतः बंद करतायत, म्हणजे बघा किती समाधानी आहेत." त्यांनी पेढे आणवले आणि आम्हा दोघींना कुरकुंभला पिटाळलं. कारखान्यात पेढे वाटा, आणि लेबलांची हीच पद्धत त्यांच्या दुसऱ्या विभागातही घेतात का विचारा. न्हावरे, चौफुला करत, उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडत आम्ही निघालो. ताईंनी नवी साडी नेसली होती. सत्याला सरप्राइज द्यायचं म्हणून फोन केला नव्हता.

गेटच्या आत पहिले भेटले ते ज्ञानूमामा. राहू गावचे, त्याच तीन नंबर शेडवरचे जुने ऑपरेटर. फोनवरून आमची ओळख होतीच. ताईंनी पेढ्यांचा बॉक्स पुढे केला.

"घ्या मामा. सगळ्या तक्रारी मिटल्या, त्याचे पेढे."

"मिटल्या? कवा?"

"अहो, तुम्हीच तर बंद केल्यात सगळ्या."

"आमी?" मामांनी हातातला पेढा तसाच धरला. "आमी कशापायी बंद करू? भोंगा बंद हाय, म्हून बंद लावलं."

ताई हसल्या. खरंच हसल्या. त्यांना वाटलं मामा चेष्टा करतायत.

"तुमीच सांगितलंत ना ताई, जसं आसंल तसं लेबल लावा. भोंगा वाजतोय तर चालू. वाजत न्हाई तर बंद. त्यात काय आवघड हाय?"

माझ्या तोंडातला पेढा तोंडातच राहिला. मी मोबाइल काढला आणि ट्रॅकरमधली मिटलेल्या तक्रारींची यादी उघडली. ती आम्ही कधी उघडलीच नव्हती, मिटलेलं कोण वाचतं? तीन नंबरचा भोंगा. तीन नंबरचा भोंगा वाजत न्हाई. भोंगा अजून तसाच. खाली खाली सरकत गेले, संपेचना. आम्ही सॉफ्टवेअर बदललं त्या दिवसापासून तो भोंगा मुका होता, आणि जितक्यांदा त्यांनी आम्हाला सांगितलं, तितक्यांदा आमच्याच लेबलानं ते आमच्या डोळ्यांपुढून पळवलं होतं.

मामा बोलतच होते. "परवा दिवा लाल झाला, भोंगा गप. वास आला म्हून पळालो आमी. थोडकंच गळालं व्हतं, देवाची किरपा. तुमचा सत्यजीत व्हाल्व बंद करून मागनं आला भाईर. खोकत व्हता लय."

ताईंच्या हातातून बॉक्स पडला.

"सत्या कुठंय?"

"आतच की. शिफ्ट चालू हाय."

'चालू' हा शब्द इतका भयंकर मला कधी वाटला नव्हता. ताई धावल्या. दारावरच्या वॉचमननं अडवलं, हेल्मेटशिवाय आत नाही म्हणाला, तर त्याच्या अंगावर ओरडल्या, "बाहेर काढा सगळ्यांना! भोंगा बंद आहे! भोंगा बंद आहे!" मामांना तोवर आमचे चेहरे बघून घोटाळा कळला होता. ते वॉकीटॉकीवर कारखान्याच्या साहेबांशी बोलले, शेड थांबली, आणि एकेक जण बाहेर यायला लागला. ताई प्रत्येकाचं तोंड बघत होत्या. सत्यजीत शेवटी आला, हातमोजे काढत, आणि बहिणीला बघून हसला. "ताई? तू हितं?"

त्यांनी त्याचे दोन्ही दंड धरले. "भोंगा वाजत नाही तर मला फोन करायचा नाही का रे? जीभ झडली होती का तुझी?"

"लिहिलं की तुला." तो गोंधळला. "आन् तुझा मेसेजबी आला."

त्यानं मोबाइल पुढे केला. मीही वाकून वाचलं.

'अनुताई, तीन नंबरचा भोंगा बंद. मी आतच असतो. बघ.'

त्याखाली उत्तर. 'आपली नोंद मिळाली. स्थिती : बंद. धन्यवाद. – अनुपमा, शिरूर ऑफिस.'

"मी म्हटलं, बंद हाय हे ताईला ठावं हाय, म्हंजी ती बघतीय," सत्यजीत म्हणाला. "पोरं भ्यायली व्हती, त्यांनाबी दाखवला. रोज आत जाताना बघायचो एकदा. तुझं नाव हाय ना खाली."

मला वाटलं होतं ताई रडतील. पण त्यांचा चेहरा पुसलेल्या पाटीसारखा झाला, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

मी तिथंच कट्ट्यावर लॅपटॉप उघडला आणि सरांना फोनवर घेऊन जुनं सॉफ्टवेअर परत चढवलं. ते होईपर्यंत कुणालाही आत जाऊ द्यायचं नाही म्हणून ताई शेडच्या दारात उभ्या राहिल्या, वॉचमनच्या शेजारी. मी विचारलं, आता 'बंद'च्या जागी काय लिहायचं? 'मिटलं'? 'झालं'? मामा म्हणाले, "झालं म्हंजी? मानूस गेलं तरी झालंच म्हंत्यात." ताई कुणाकडे न बघता म्हणाल्या, "लिही, 'वाजवून बघितलं'. आणि ते लेबल मीच लावणार. इथं येऊन."

सॉफ्टवेअर चढल्यावर मी चाचणीचं बटण दाबलं. भोंगा असा काही वाजला की झाडावरचे कावळे उडाले आणि सगळ्यांचे हात कानांवर गेले. ताईंनी कान झाकले नाहीत. सत्यजीत त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होता, "बास ताई, वाजतोय! ऐकलं ना? बंद कर आता!"

त्या शब्दासरशी त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं, की त्यानं जीभ चावली.