अर्जनविसाच्या पोरीचा निबंध

माझे वडील धाराशिवला तहसील कचेरीसमोर टेबल मांडून बसतात आणि लोकांचे अर्ज लिहून देतात. जुनी माणसं त्यांना अजून अर्जनवीस म्हणतात. रोज सकाळी तेरहून एसटीनं निघायचं, कचेरी उघडायच्या आत टेबल लावायचं आणि येईल त्याचं गाऱ्हाणं कागदावर उतरवायचं, हे मी जन्मल्यापासून बघत आले. या कामात अण्णांचा एक नियम आहे, आणि तो त्यांनी आयुष्यभर कडक पाळला असं मी समजत होते. एका प्रकरणात एकाच बाजूचं लिहायचं. दुसऱ्या बाजूचा माणूस आला, तर त्याला नमस्कार करून पलीकडच्या टेबलाकडं धाडायचं. "एकाचं लिवलं की दुसऱ्याचं ऐकायचं बी न्हाय," ते म्हणायचे. "ऐकलं की लेखणी अडती."

शाळेला सुट्टी लागली की मी त्यांच्याबरोबर जायची आणि अर्जांच्या नकला करायची. माझं अक्षर तिथं घडलं, आणि डोकंही. अर्जदार कोण, त्याच्यावर काय अन्याय झाला, कुणी केला, आणि शेवटी ‘सबब विनंती की’. मला सगळं जग असंच दिसायचं. पावसाळ्यावर निबंध लिहायला सांगितला, तर मी पावसाविरुद्ध तक्रार लिहायची.

बी. ए. झाल्यावर मी कायदा शिकायचा हट्ट धरला. ज्या परीक्षेत नुसते गोल काळे करायचे असतात तिथं मी आपटले. मग एका विद्यापीठाची प्रवेश परीक्षा सापडली, तिच्यात निम्मे गुण एका मोठ्या निबंधाला होते आणि तो मराठीत लिहिता येत होता. अण्णांनी अट घातली. "ह्या साली नंबर लागला तर जा. न्हाय लागला तर माझ्या टेबलाला बस. अक्षर झकास हाय तुजं, लोक येतील." टेबलाची मला लाज नव्हती. पण ज्या इमारतीसमोर आम्ही इतकी वर्षं उन्हात बसलो, तिच्या आत जाऊन उभं राहून बोलायचं होतं मला. ते हुकलं असतं तर मी जन्मभर चिडचिड करत बसले असते. आधीच माझा राग नाकाच्या शेंड्यावर.

धाराशिवला एका निवृत्त प्राध्यापकांकडं मी निबंधाचा सराव करायला जाऊ लागले. पहिला विषय होता, आठवडी बाजार रस्त्यावरून हलवावा का. मी भाजीवाल्या बायकांच्या बाजूनं दीड पान लिहिलं, एकही ओळ नगरपालिकेच्या बाजूनं लिहिली नाही. सरांनी ते वर्गात मोठ्यानं वाचलं आणि चष्मा काढला.

"हा निबंध नाही, तक्रार अर्ज आहे," ते म्हणाले. "शेवटी ‘सबब विनंती की’ लिहिलंय. विनंती कुणाला? मला? मी बाजार कुठं हलवू?"

वर्ग खो खो हसला. मला त्या दिवशी सरांचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त राग ते खरं बोलले म्हणून आला. मग त्यांनी कृती शिकवली. अर्धं पान या बाजूनं, अर्धं पान त्या बाजूनं, शेवटी चार ओळींत सुवर्णमध्य. ‘एकीकडे’ आणि ‘दुसरीकडे’ हे दोन शब्द विसरायचे नाहीत.

मी ते इतकं मनावर घेतलं की घरच्यांना वीट आला. आईनं विचारलं, भाजी कशाची करू? मी म्हणाले, एकीकडे वांगी ताजी आहेत, दुसरीकडे मेथी उद्या पिवळी पडेल. "मंग करू काय ते सांग की!" आई ओरडली. वहीवर मात्र सर ‘छान’ असा शेरा मारायला लागले. छान म्हणजे काय, तर त्या निबंधांत कुणीच राहत नव्हतं. मी त्यात कुठं नव्हते, आणि भाजीवाल्या बायकाही नव्हत्या.

परीक्षेला दोन आठवडे उरले तेव्हा सरांनी विषय दिला: बहिणींनी माहेरच्या जमिनीतला हक्क सोडावा का? आमच्याकडं ही रोजची गोष्ट. वडील वारले की बहिणी येतात, हक्कसोडपत्रावर सही करतात, भाऊ साडीचोळी करतो आणि माहेरचं दार उघडं राहतं. अण्णांनी असे कागद किती लिहिले असतील त्यांनाच ठाऊक. एका बाजूचं अर्धं पान त्यांनी जेवता जेवताच सांगून टाकलं. जमिनीचे तुकडे पडतात, कसायला सासरहून कोण येणार, नातं तुटतं, सण बंद होतात. दुसऱ्या बाजूसाठी मला कुणीतरी सही केलेली बाई हवी होती. ती माझ्या घरातच होती, आणि हे माझ्या ध्यानात यायला दोन दिवस लागले. माझ्या आत्यानं, अण्णांच्या एकुलत्या एक धाकट्या बहिणीनं, मी लहान असताना तेरच्या शेतावरचा हक्क सोडला होता.

आत्या तामलवाडीला असतात. मी गेले तेव्हा ओसरीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मी वही काढून थेट विचारलं, तसं त्या हसल्या.

"परीक्षेत असलं बी इच्यारतात व्हय?"

"विचारतात. तुम्हाला सही करताना काय वाटलं होतं, आत्या?"

"काय वाटायचं? दादानं धाराशिवला बोलावलं, म्या गेले. कागद पुढं ठिवला, म्या सही केली. साडी घेतली त्यानं. चांगली हुती साडी, लई दिवस नेसले."

"वाटा मागावासा वाटला नाही?"

"मागितला नसता म्या. काय करायचं हुतं जमिनीचं? इथलंच काम आवरत न्हाय." त्यांनी आणखी दोन शेंगा फोडल्या. "पर इच्यारलं असतं तर बरं वाटलं असतं. तुला काय वाटतं गं, एवढंच. त्या हापिसातल्या सायबानं बी इच्यारलं न्हाय. ‘राजीखुशीनं का?’ दादाकडं बघून म्हणला, आन् दादाच म्हणला, व्हय साहेब."

मी वहीत काही लिहिलं नाही. मला रडू येत होतं, आणि आत्यांसमोर रडणं बरं दिसलं नसतं, कारण त्या रडत नव्हत्या.

परतीच्या एसटीत मला तो कागद आठवला. तो घरच्या पेटीत आहे, मी पाहिला होता. ‘मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय’ असं त्यात आत्यांच्या तोंडी लिहिलंय आणि अक्षर अण्णांचं आहे. ज्या माणसानं समोरच्या बाजूचा एक कागद कधी लिहिला नाही, त्यानं स्वतःच्या प्रकरणात दोन्ही बाजूंचं एकट्यानं लिहिलं होतं. येडशी येईपर्यंत मी मनातल्या मनात अण्णांविरुद्ध अख्खा अर्ज तयार केला. मग घर जवळ यायला लागलं आणि राग उतरत गेला. त्यांनी लबाडी केली नव्हती. आपली बहीण ही दुसरी बाजू असू शकते, हे त्यांच्या मनालाच शिवलं नव्हतं. परकं कुणी असतं, तर त्यांनी तिला नक्की पलीकडच्या टेबलाकडं पाठवलं असतं.

निबंध मी आत्यांच्या शब्दांत लिहिला. माझं लिखाण अण्णा नेहमी तपासतात, तसा हाही त्यांनी मागून घेतला. उभ्यानं वाचायला लागले, मग खाली बसले. "शुद्धलेखन बरं हाय," एवढंच म्हणाले. कागदाची चार बोटांएवढी घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात घातली.

परीक्षा सोलापूरला होती. विषय आला: ‘घरातले वाद घरातच मिटवावेत.’ खाली सूचना होती, संतुलित किंवा एकतर्फी, कोणत्याही पद्धतीनं लिहिलेला निबंध ग्राह्य धरला जाईल. ती सूचना मी दोनदा वाचली. सर म्हणाले असते, अर्धं अर्धं कर. अण्णा म्हणाले असते, एक बाजू धर आणि दुसरीकडं बघू नको. पहिली दहा मिनिटं मी नुसती पेनाचं टोपण काढत आणि घालत बसले. शेजारचा मुलगा तोवर पुरवणी मागत होता.

मग मी ठरवलं. बाजू एकच घ्यायची, कारण मला खरोखर वाटतंय ते एकच आहे. पण आधी अण्णांची बाजू लिहायची, आणि अशी लिहायची की त्यांनी वाचली तर म्हणावं, व्हय, हेच म्हणणं हाय माझं. घरात मिटलेल्या भांडणाची ऊब, बाहेर गेलेल्या भांडणाची बेअब्रू, कचेरीच्या दारात बसून त्यांनी पाहिलेली तोंडं, सगळं लिहिलं. त्याला पुरतं दीड पान दिलं. त्यानंतर लिहिलं की घरात वाद मिटतो तेव्हा बऱ्याचदा एक माणूस गप्प बसलेलं असतं, आणि आपण त्या गप्प बसण्यालाच मिटणं म्हणतो. म्हणून वाद कधी कधी उंबऱ्याबाहेर जावा, जिथं कुणीतरी परकं माणूस त्या गप्प माणसाकडं वळून विचारेल.

शेवटच्या परिच्छेदाला आले आणि हातानं घात केला. बघते तर कागदावर ‘सबब विनंती की’ उमटलेलं. पेनानं लिहिलेलं, वेळ तीन मिनिटं. खोडलं तर घाण दिसणार, ठेवलं तर तक्रार अर्ज. मी देवाचं नाव घेतलं आणि वाक्य पुरं केलं: सबब विनंती की, निकाल देण्याआधी, जे बोलत नाही त्याला विचारावं.

पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं. ते आठ दिवस अण्णा माझ्यासाठी टेबलाची एक बाजू रिकामी ठेवत होते, आणि ती जागा बघून मला जेवण जात नव्हतं. दुसऱ्या यादीत नंबर लागला, शेवटून चौथा. आईनं देवापुढं साखर ठेवली. अण्णांनी पलीकडच्या टेबलावाल्याला चहा पाजला आणि मला म्हणाले, "चल, तामलवाडीला जाऊ. तिला पेढं देऊ."

आत्यांनी माझी दृष्ट काढली, चहा ठेवला. अण्णा ओसरीत बसले, खिशातून माझा घडी पडलेला निबंध काढला आणि गुडघ्यावर ठेवला.

"त्या येळंला तुजं काय म्हणणं हुतं?" त्यांनी आत्यांना विचारलं. "म्या इच्यारलं नव्हतं."

"आता कशाला रं दादा?" आत्या म्हणाल्या, पण उठल्या नाहीत. हळूहळू बोलायला लागल्या. विहिरीकडचा तुकडा आईला प्रिय होता, तिथली दोन चिंचेची झाडं तरी आपली म्हणावी असं मनात होतं. साडी पुढं केली तेव्हा नको म्हणायचं होतं. चहा निवून गेला. अण्णांनी सवयीनं पिशवीतून कोरा कागद काढला, लिहायच्या पुठ्ठ्यावर ठेवला आणि त्या बोलतील तसं लिहीत गेले. मध्ये एकदाही बोलले नाहीत. मग सगळं वाचून दाखवलं. आत्यांनी एक शब्द बदलायला लावला. ‘नाराज’ नको म्हणाल्या, ‘परकी वाटले’ लिव्ह.

शेवटी अण्णांनी ‘सबब विनंती की’ लिहिलं आणि थांबले. "फुडं काय लिवू?"

"काय न्हाय," आत्या म्हणाल्या. "मागायचं काय न्हाय मला. एवढ्या बारीला सही तेवढी तू कर."

अण्णांनी पेन दुसऱ्या हातात घेतलं, तळवा धोतराला पुसला आणि खाली सही केली.