अक्कानं कापलेलं छत

भाच्याचा फोन सकाळी आला. "मावशी, आई गेली," एवढंच तो म्हणाला आणि मी खुर्चीत बसून राहिले... रडू लगेच आलं नाही. आधी मनात आलं, इथंही ही माझ्या पुढं गेली. महिना उलटला. कुसुमअक्काचा मी आयुष्यभर हेवा केला आणि तो काही तिच्याबरोबर गेलेला नाही.

अक्काला राहुरीकडच्या बागायतदारांचं घर मिळालं, मला नगरातल्या मास्तरांचं. तिच्याकडं सासऱ्यांच्या वेळची विलायती मोटार होती आणि ती अक्का स्वतः चालवायची. मोठ्या दुष्काळाच्या दोनेक वर्षं आधी दाजी विहिरीच्या काठावरून पडले आणि कमरेखाली लुळे झाले. मोटारीच्या बुटक्या दारातून आत घ्यायचं तर त्यांना दुमडावं लागे, ते कळवळत. शेवटी "मला कुठं न्यायचंच नको" म्हणाले आणि वर्षभर खोलीबाहेर आले नाहीत. मग अक्कानं मला सोबत घेऊन गाडी केडगावच्या मेस्त्रीकडं नेली. म्हणाली, छत कापा, माणूस खुर्चीसकट वरून आत उतरला पाहिजे.

"बाई, वरचं कापलं की गाडी मधी बसंल," मेस्त्री म्हणाला.

"मग खालून लोखंड घाला. पण कापा."

लोखंड घातलं तरी दारं अडकायला लागली. तेव्हा तिनं ती वेल्डिंग करून कायमची बंद करून टाकली आणि नऊवारीचा काष्टा सावरत वरूनच आत उतरू लागली. ती उघडी गाडी आमच्या गल्लीत आली तेव्हा बायका ओट्यांवर येऊन उभ्या राहिल्या. सगळं ठाऊक असूनही मला वाटलं, हिला मिरवायला निमित्तच मिळालं.

त्याच गाडीतून आम्ही भंडारदऱ्याला गेलो. पुढं अक्काशेजारी दाजींची खुर्ची बांधलेली, मागं आम्ही दोघं. अकोल्यापुढं डोंगर सुरू झाले तशी दाजींनी मान मागं टाकली. "कुसुम," ते म्हणाले, "वरीसभर आढंच बघितलं. आज वर कायबी न्हाई." अक्कानं गाडी कडेला घेतली आणि त्यांचं बघून होईपर्यंत थांबवून ठेवली.

"चांगली गाडी नासवली," हे माझ्या कानाशी पुटपुटले.

हे वाईट नव्हेत. पगार हातात देत, शब्दानं कधी दुखवत नसत. पण त्या घडीला मला अक्काची गाडी नको होती, दाजींसारखा नवराही नको होता. मला हेवा वाटला तो तिच्या त्या "पण कापा"चा. माझ्या शेजारी बसलेल्या माणसासाठी मला कधी काही कापावंसं वाटलं नव्हतं...

काही वर्षांनी दाजी गेले, गाडी भंगारात गेली. त्यांच्या माघारी अक्का खोलीत कधी निजली नाही. शेवटपर्यंत तिची बाज अंगणात असे. दहाव्यानंतर पाहुणे पांगले, तेव्हा संध्याकाळी मी त्या बाजेवर आडवी झाले. कुणी ती अजून आत नेली नव्हती. थोड्या वेळानं हे काठी टेकत आले.

"आत चल. दव पडेल."

मी कडेला सरकले, जागा केली. ते जरा वेळ उभे राहिले... आणि आत गेले.